हिलालच्या कानांवरचा निळा दिवा

हिलाल गेल्याची बातमी तळोद्याच्या जीप स्टँडवर मी सांगितली, आणि सगळं स्टँड हसलं.

दोष त्यांचा नाही. स्टँडवर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एवढं लहान की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर जावं लागतं. त्या दुकानाच्या फळीवर बसून गेल्या वीस-बावीस वर्षांत मी ज्या थापा मारल्या, त्या एकावर एक रचल्या तर सातपुड्याला आठवा पुडा चढेल. आदल्याच दिवशी मी तिथे छातीठोकपणे सांगितलं होतं की नर्मदेतली एक मगर माझ्याकडे चार्जर मागायला येऊन गेली आणि वर भाव करून गेली. त्यामुळे त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी पायात चप्पल नसताना दुकानातून पळत बाहेर आलो आणि म्हणालो, "हिलाल जिभाऊ वारला रे," तेव्हा एका ड्रायव्हरने चहाचा कप खाली न ठेवताच विचारलं, "मगरने खादा का?" आणि सगळे खो खो हसले. माझ्या हातातल्या फोनवर हिलालची बायको, रुखमावहिनी, अजून बोलत होती. "भाऊ, ह्या उठी नही ऱ्हायनात..." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी खरं सांगितलं आणि लोक हसले, असं माझ्या आयुष्यात दोनदा झालं. दोन्ही वेळा ते खरं हिलालचं होतं. ही दुसरी वेळ. पहिली वेळ सांगायला मला आजवर तोंड नव्हतं. आता दीड महिना होऊन गेलाय, सगळं क्रियाकर्म आटोपलंय, आणि वहिनीने परवानगी दिलीय, म्हणून सांगतो. इतर बाबतीत मीठमसाला लावेन, सवय आहे. हिलालच्या कानांच्या बाबतीत मात्र कणभरही वाढवणार नाही.

त्या सकाळी मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो ओट्यावरच्या खाटेवर भिंतीला टेकून बसलेला होता. डोळे मिटलेले, मांडीवर मोबाइल, आणि डोक्यावर ते काळे हेडफोन. उजव्या कानावरचा बारीक निळा दिवा लुकलुकत होता. शेजारीपाजारी जमले होते, आणि जो येई तो म्हणे, "भाग्यवान माणूस, गाणी ऐकता ऐकता गेला." मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. दोघांनीही लगेच नजर फिरवली... आणि त्या क्षणी मला कळलं की तिलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे.

हिलाल तळोद्याहून अक्कलकुव्यावरून मोलगीच्या वाटेवर जीप चालवायचा. तीस वर्षं. मूळचा सपाटीवरचा, तापीकाठच्या शेतकरी घरातला, पण त्याचा जीव डोंगरात. नऊ माणसांच्या जीपमध्ये एकोणीस बसायचे, दोन कोंबड्या वेगळ्या, आणि तरी त्याने कधी कुणावर आवाज चढवला नाही. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना तो त्यांच्याच बोलीत "याहा" म्हणायचा, आई. त्या बायका दुसऱ्या जीपा सोडून त्याच्या जीपची वाट बघत तासभर उन्हात उभ्या राहायच्या.

एका दिवाळीच्या आधी तो दुकानात आला आणि म्हणाला, "वसंत्या, हेडफोन दे. सर्वात मोठा." मी आधी कानात बसणारे इवलेसे दाखवले. म्हटलं, हे घाल, बायकोलाही पत्ता लागणार नाही. तो मान हलवत राहिला. "नही. दिसाले पायजेत. लांबथून दिसाले पायजेत." मग मी वरच्या फळीवरून वर्षभर कुणी न विचारलेलं एक खोकं काढलं. स्वस्तातला माल, बिनतारी, कंपनीचं नाव असं की मालकालाही एका दमात उच्चारता येऊ नये. कानावरच्या गाद्या ज्वारीच्या भाकरीएवढ्या. तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "जिभाऊ, आता जीपला पंखच लावायचे बाकी." तो खूश झाला. मी विचारलं, "मोबाइलमध्ये गाणी कोणती टाकू?" म्हणाला, "टाक कोणतीबी." माणूस हेडफोन घेतो आणि गाणी कोणतीही चालतील म्हणतो! मी तिथेच थबकायला हवं होतं. पण विक्री होत असताना दुकानदाराचं डोकं तेवढ्यापुरतं बंद असतं.

स्टँडवर त्याचं नाव 'पायलट' पडलं. हाक मारली आणि त्याने वळून पाहिलं नाही की लोक म्हणायचे, "पायलट गाण्यात आहे," आणि जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे. त्याला तेच हवं होतं.

मला कळलं ते संक्रांतीच्या सुमारास. दुपारी तो दुकानापुढच्या स्टुलावर बसला होता, पाठ माझ्याकडे, डोक्यावर हेडफोन, मान ठेक्यात हलतेय. माझी नजर सहज दिव्यावर गेली. दिवा बंद. बॅटरी संपलेली, आणि गडी ठेका धरून बसलेला. मला चेष्टा सुचली. मी मागून म्हणालो, "हिलाल, तुझ्या जीपला आग लागली." मान हलतेच आहे. "हिलाल, तुझा सासरा दुसरं लग्न करतोय." मान हलतेच आहे. मग मी त्याच्या डोक्याच्या मागे वाकून, बाजारातलं कुत्रंही दचकेल एवढ्या आवाजात त्याचं नाव घेतलं. पलीकडचा पानवाला धावत आला. हिलालची मान ठेक्यात हलत राहिली. समोरच्या काचेच्या कपाटात त्याला माझा चेहरा दिसला असावा. त्याने हळूच हेडफोन काढले आणि वळला.

"समजनं का तुले?"

मी होकाराची मान हलवली.

"दोन उन्हाया व्हई गयात," तो म्हणाला. उजवा कान पार गेला होता. डाव्याला ओल्या गोधडीपलीकडून यावं तसं काहीतरी यायचं, तेही कानाशी ओरडलं तर. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा. डॉक्टरने कानात मशीन घालायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मग घाल की. तेव्हा तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "कानमा मशीन दिसनं का बहिरा. कानवर हाई दिसनं का शौकीन. बहिराना गाडीमा कोन बठी?"

आता घाटाची रीत सांगायला हवी. मोलगीच्या वाटेवरच्या घाटात आंधळी वळणं आहेत, एका वेळी एकच गाडी मावेल अशी. तिथे वळणाआधी थांबायचं, लांब हॉर्न द्यायचा आणि ऐकायचं. पलीकडून उत्तर आलं तर कडेला दबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. उत्तर नसेल तर निघायचं. डोंगरातल्या ड्रायव्हरांचा सगळा कायदा एवढाच. हिलाल विचारत होता, दोन वर्षं न चुकता विचारत होता, आणि उत्तर ऐकायला त्याच्याकडे काही नव्हतं. मागच्या आठवड्यात माझी सख्खी बहीण तिच्या दोन पोरींसह त्याच्या गाडीतून गेली होती.

मी त्याचा शर्ट धरला. ओठ ठळक हलवत म्हणालो, "उद्यापासून चावी खाली ठेव. नाहीतर मी स्टँडवर सगळ्यांना सांगेन." तो हसला. "सांग ना. तुन्हावर कोन इस्वास ठेवी?" मग हसणं विझलं. डोंगरातल्या काठी गावची होळी, तिकडचा सर्वात मोठा सण, दीड-दोन महिन्यांवर होती. म्हणाला, "काठीनी होळी व्हऊ दे, वसंत्या. तीस वरीस त्या पाडाना लोकेस्ले मीच होळीले लई जास. यंदा लई जासू, मंग चावी तुन्हा हातमा. तवलोंग तू बठ मन्हा जोडे. तू मन्हा कान."

मी पोलिसात जायला हवं होतं, की त्याच्या घरी, की आरटीओकडे, ते तुम्ही मला सांगू नका. मी रोज स्वतःला सांगत होतो. पण मी हो म्हणालो. डोंगरातल्या माणसांना गाडीची खरी गरज बाजाराच्या दिवशी. म्हणून त्याने फक्त बाजाराच्या दिवशी फेरी करायची, आणि मी दुकान बंद ठेवून त्याच्या शेजारी बसायचं, असं ठरलं. वळणावर समोरून हॉर्न आला की त्याच्या डाव्या मांडीवर एकदा थोपटायचं. कुणाला उतरायचं असलं की दोनदा.

पहिल्याच फेरीत मला त्याचा आरसा कळला. सगळ्यांचा आरसा मागचा रस्ता दाखवतो, त्याचा माणसं दाखवायचा. मोठा आरसा त्याने असा तिरपा बसवला होता की मागच्या बाकांवरचे सगळे चेहरे त्यात यायचे. समोरून हॉर्न वाजला की माणसं नकळत मान उचलून पुढे बघतात. एकोणीस जणांनी एकदम नजर उचलली की हिलाल ब्रेकवर पाय ठेवायचा. दोन वर्षं तो त्या चेहऱ्यांच्या भरवशावर गाडी चालवत होता. तरीही त्याला माझा हात हवा होता, कारण माणसं डुलक्या काढतात, भांडतात, पोराला पाजायला मान खाली घालतात.

ते सहा-सात आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गाडीत मी अवाक्षर काढायचो नाही. कान टवकारून, जबडा आवळून, डावीकडच्या दरीकडे न बघता बसायचो. थंडीच्या दिवसात माझा शर्ट पिळला तर एका ढोराची तहान भागली असती. डोंगरातल्या बायका कुजबुजायच्या की मोबाइलवाल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, तो थापा मारत नाही. माझ्या बायकोला वाटायचं की मोलगीत मी दुसरं घर केलंय. मला वाटायचं, केलं असतं तर बरं, एवढी भीती त्यात नसती.

होळीचा दिवस आला. दुपारी आम्ही पाड्यावरून माणसं घेतली. टपावर मोठा ढोल दोरांनी आवळलेला, मागे होळीचा नवस फेडायला सजून नाचणारे बुध्या बसलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू, मोरपिसांचे टोप मांडीवर जपून धरलेले. त्यांच्यातले सर्वात वयस्क रायसिंगबाबा माझ्या मागेच होते. घाट चढत आला. एकेक वळण मी मनात पुसत होतो. शेवटची चार राहिली तेव्हा बाबा माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाले, "ए मोबाइल, आज सण आहे. एक तरी सांग." मागून सगळे ओरडले, "सांग, सांग!" मी हिलालकडे पाहिलं. त्याने आरशात चेहरे पाहिले असतील, लोक खूश आहेत एवढं त्याला दिसलं. तो हसला... आणि माझी जीभ, सहा आठवडे बांधलेली, सुटली.

मी नर्मदेकाठच्या मणिबेलीची गोष्ट सुरू केली. नावेतून जाताना माझा फोन नर्मदेत पडतो आणि एक महाशीर मासा तो गिळतो. आठ दिवसांनी माझी बायको मला फोन लावते, आणि नदीच्या तळातून रिंग वाजते. सगळे मासे जमतात, विचारतात, तुझा आहे का, तुझा आहे का. शेवटी तो मासा वैतागून काठावर येतो, तोंड उघडतो, आणि आतून आवाज येतो. मी मागे वळून, दोन्ही हात तोंडाशी धरून, माशाच्या पोटातल्या फोनचा आवाज काढला. काय काढला! भोंग्यासारखा, लांबलचक. गाडी हसून हसून डोलायला लागली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस जणांच्या नजरा माझ्या तोंडावर खिळलेल्या. आरशात एकही नजर समोरच्या रस्त्याकडे उचलली गेली नाही.

हिलालने हॉर्न दिला होता. पलीकडून उत्तर आलं. माझ्या माशाच्या आवाजात ते बुडालं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ते मी ऐकलं, पण तोवर बांबूंनी भरलेला ट्रक वळणावर आमच्या नाकाशी होता.

हिलालने डावीकडे घेतलं. दरीकडे. आणखी जागाच नव्हती. पत्र्याला पत्रा घासला, बाहेरचा आरसा फुटला, टपावरचा ढोल धाडकन सरकला, आणि गाडी थांबली. पुढचं डावं चाक कठड्याच्या दगडावर चढून बसलं होतं. माझ्या बाजूच्या दारातून खाली पाहिलं तर शेवग्याच्या शेंगांएवढी दिसणारी सागाची झाडं. कुणाला काही लागलं नाही. रायसिंगबाबांच्या कमरेचा एक भोपळा तेवढा फुटला. ट्रकवाला पुढे जाऊन थांबला, शिव्या देऊन निघून गेला. माणसं एकेक करून उजवीकडून उतरली आणि रस्त्यावर बसली.

हिलाल उतरला. कठड्यावर बसला. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मला म्हणाला, "सांग त्यास्ले. तूच सांग."

मी सांगितलं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून, हात जोडून म्हणालो, बाबा, या माणसाला दोन वर्षं ऐकू येत नाही. हा बहिरा आहे. हे गाण्याचं सोंग आहे. मी याचा कान म्हणून बसत होतो, आणि मी चुकलो.

मग रायसिंगबाबांनी फुटक्या भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. मरणाच्या दारातून परतलेली माणसं हसतात तसे सगळे हसले, पोट धरून, एकमेकांना टाळ्या देत. "मासा झाला, आता बहिरा ड्रायव्हर!" मी ओरडत राहिलो, खरं आहे, खरं आहे, आणि प्रत्येक 'खरं आहे'ला हशा वाढत गेला.

हिलालला हशा ऐकू आला नाही. तो दिसला. त्याला वाटलं, ती माणसं त्याच्या कानांना हसतायत. तीस वर्षं ज्यांना त्याने नेलं आणलं, ती. त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्याचं वर्णन करायला मला थाप सुचत नाही.

मी त्याच्यापाशी गेलो, खुणांनी, ओठांनी समजावलं की ते विश्वास ठेवत नाहीयेत, माझ्या बोलण्याला हसतायत. त्याने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग एकच विचारलं, "हॉर्न वाजना व्हता का?"

आणि मी म्हणालो, "नही. ट्रकवालाने दिनाच नही."

का म्हणालो? त्याला वाचवायला, की मला? दोन वर्षं झाली, मी ठरवू शकलेलो नाही.

सगळ्यांनी मिळून गाडी उचलून रस्त्यावर घेतली. उरलेली वळणं मी गाडीच्या पुढे पायी चाललो, प्रत्येक वळणापलीकडे जाऊन हात दाखवत. मागून तो पहिल्या गिअरमध्ये येत होता. लोकांना तीही माझी गंमतच वाटली. काठीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ढोल उतरवला, कुणीतरी सहज टिपरू मारलं, आणि हिलालने छातीवर तळहात ठेवला. "हाई आयकू येस," तो म्हणाला. मग खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुतण्या किशोर येऊन आम्हाला आणि गाडीला घेऊन गेला. स्टँडवर सांगितलं की जिभाऊंची कंबर गेली.

त्यानंतर दोन वर्षं तो रोज माझ्या दुकानापुढे बसला, डोक्यावर हेडफोन घालून. गाद्यांचं काळं कातडं सोलून त्याच्या खांद्यावर पडायचं, मी दोनदा चिकटपट्टी लावून दिली. रोज संध्याकाळी तो ते माझ्याकडे चार्जिंगला लावायचा. गाण्यासाठी नाही. दिवा लागायला हवा ना. मी थापा मारायचो आणि तो लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून नेमक्या जागी हसायचा. घाटाचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही.

दहावं झाल्यावर वहिनीने हेडफोन माझ्या हातात ठेवले. त्या सकाळी तिने तीनदा हाक मारली होती, तीनदा. मग स्वतःलाच म्हणाली, मी पण कशी येडी, ह्यांना कुठे ऐकू येतं. म्हणून चहा घेऊन गेली, खांद्याला हात लावला... मला राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, होळीच्या दिवशी घाटात ट्रकने हॉर्न दिला होता. दोनदा. मी त्याला खोटं सांगितलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "माले माहीत शे, भाऊ. त्यास्लेबी माहीत व्हतं. दुसरा रोजले घर ईसन माले सांगं त्यास्नी. म्हने, वसंत्याले जल्ममा पहिली बार खोटं बोलता उनं नही. व्हट थरथरी ऱ्हायंतात त्याना."

आता ती जीप किशोर चालवतो. मागच्या बाजाराच्या दिवशी मोलगीत काम होतं, त्याच्या शेजारी बसून गेलो. हेडफोन पिशवीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, एक सांगा की. मी म्हटलं, घाट संपल्यावर. वळण आलं. किशोरने हॉर्न दिला, थांबला. पलीकडून ट्रकचं उत्तर आलं, आणि माझा हात आपोआप गेला, त्याच्या डाव्या मांडीवर एकदा पडला.

किशोर दचकला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, माले आयकू येस."

"हा," मी म्हणालो. हात तिथेच राहू दिला. ट्रक निघून जाईपर्यंत.